ज्याचे हाड त्यालाच

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता पापडीतल्या एका दवाखान्यात मी खालच्या जबड्यात दाताचा खुंट, म्हणजे इम्प्लांट, बसवून घेतला. भूल दिलेली होती, त्यामुळे दुखत नव्हते. डॉक्टर मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. ड्रिल इतके सावकाश फिरत होते की त्याच्या फेऱ्या मोजता आल्या असत्या. थोड्या थोड्या वेळाने ती ड्रिल बाहेर काढी आणि त्याच्या खाचांत अडकलेले काहीतरी स्टीलच्या छोट्या वाटीत काढून ठेवी. मी डोळ्यांनीच विचारले. ती म्हणाली, "काका, हे तुमचंच हाड आहे. टाकायचं नाही. बाहेरच्या बाजूला भिंत पातळ झालीय ना, तिथे हेच लावणार."

वाटीत ओल्या रव्यासारखा लालसर लगदा होता. पाव चमचाही भरला नसता. खुंट बसल्यावर तिने तो उघड्या पडलेल्या बाजूला दाबून बसवला, वर पातळ पडदा घातला आणि हिरडी शिवून टाकली. सगळे मिळून तासाभराचे काम.

मी पेशाने हिशेबनीस. एका पतपेढीत तीस वर्षे आकडे जुळवले. जुन्या कागदांचा नाद मात्र स्वतःच लावून घेतलेला. सुट्टीच्या दिवशी वसई रोडवरून चर्चगेटची गाडी धरायची आणि मुंबईतल्या ग्रंथालयात बसायचे, हा क्रम अनेक वर्षे चालला. शस्त्रवैद्यकाचा इतिहास त्यातूनच हाताला लागला. म्हणून त्या वाटीकडे पाहताना माझ्या मनात दोन गोष्टी एकदम आल्या. एक माझ्या आईची कवळी आणि दुसरी माझी एक जुनी चूक. हा लेख त्या चुकीपायी लिहितो आहे.

आईला मशेरीची सवय होती. पन्नाशीच्या आत तिचे बहुतेक दात गेले, उरलेले काढले. वरची कवळी बसली, खालची कधीच बसली नाही. दोनदा नवी करून घेतली. दर वेळी पहिले काही महिने बरे जायचे, मग ती बोलताना हलायची, जेवताना टोचायची. शेवटी खालची कवळी पेल्यातच राहिली. सणाला आणि फोटोला तेवढी तोंडात जाई. कवळी करणाऱ्याला हात नाही, असे आम्ही सगळे म्हणत असू. आईने तर त्याला मरेपर्यंत माफ केले नाही.

त्या माणसाचा दोष नव्हता, हे मला फार उशिरा कळले. जबड्याचे जे हाड दाताला धरून असते ते दातासाठीच असते. दात गेला की शरीर त्या हाडाचा खर्च चालू ठेवत नाही. दात काढल्यानंतर वर्षभरात त्या जागेची रुंदी जवळजवळ निम्म्याने कमी होते, आणि त्यातला दोन-तृतीयांश ऱ्हास पहिल्या तीन महिन्यांतच होतो. पुढे कवळी घातल्यावरही झीज चालूच राहते. टॉलग्रेन या संशोधिकेने कवळी वापरणाऱ्यांचे जबडे पंचवीस वर्षे मोजून १९७२ साली दाखवले की खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट असते. आईची कवळी सैल होत नव्हती. तिच्याखालचा जबडा सरत होता. नव्या कवळीला बसायला दर वेळी आधीपेक्षा कमी जागा मिळत होती.

तेव्हा दाताच्या डॉक्टरांपुढचा खरा प्रश्न गेलेल्या दाताचा नसून गेलेल्या हाडाचा आहे. ते आणायचे कुठून?

आता माझ्या चुकीकडे येतो. पंधराएक वर्षांपूर्वी वसईतल्या एका वाचनालयात 'प्राचीन भारतातील शस्त्रक्रिया' या विषयावर माझे भाषण होते. श्रोते भरपूर होते आणि टाळ्या मिळत होत्या. नाक जोडण्याच्या शस्त्रक्रियेवर बोलता बोलता मी ओघात म्हणून गेलो की एका जागचे हाड काढून दुसऱ्या जागी लावण्याची विद्याही सुश्रुताला अवगत होती. भाषण संपल्यावर मागच्या रांगेतले एक वृद्ध डॉक्टर उठले आणि शांतपणे म्हणाले, "कोणत्या अध्यायात?" मी काहीतरी सारवासारव केली. त्यांनी वाद घातला नाही, मान हलवून बसले. घरी येऊन मी ग्रंथ काढला. तसा अध्याय नव्हता.

जे होते ते कमी मोलाचे नव्हते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात तुटलेले नाक जोडण्याची कृती आहे. झाडाचे पान नाकाच्या मापाचे घ्यावे, त्या मापाने गालाची त्वचा सोडवावी आणि ती नाकाच्या जागी जोडावी. चिकित्सास्थानात मोडलेल्या हाडांवर स्वतंत्र अध्याय आहे. हाड ओढून जागेवर आणणे, बसवणे, झाडाच्या साली आणि बांबूच्या कांबी लावून बांधणे, सगळे तपशीलवार. त्याच अध्यायात दातांविषयीही सांगितले आहे. तरुण माणसाचे दात आघाताने हलले असतील, पण मोडले नसतील, तर ते दाबून बसवावेत, बाहेरून थंड लेप द्यावा आणि कमळाच्या देठाच्या नळीने दूध पाजावे. म्हाताऱ्याचे हललेले दात मात्र सोडून द्यावेत. दवाखान्याच्या खुर्चीत मला हे शेवटचे वाक्य आठवले आणि तोंड उघडे असूनही हसू आले.

पण शरीराच्या एका भागातले हाड काढून दुसऱ्या भागात लावणे तिथे नाही. त्वचा आहे, हाड नाही. हा फरक मी तेव्हा किरकोळ समजलो होतो. तो किरकोळ का नाही, हे समजायला पुण्याच्या एका माणसाची हकिकत पाहावी लागते. ती आपल्या मुलखातली असूनही आपल्याकडे पुष्कळांना अर्धवटच माहीत असते.

लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र छापले आहे. लेखकाने सही म्हणून फक्त दोन आद्याक्षरे दिली आहेत. सोबत एका माणसाचे चित्र आहे. डोक्याला पागोटे, कपाळावर व्रण आणि नवे नाक. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात, १७९२ साली, हा माणूस इंग्रज फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडले आणि त्याचे नाक व एक हात कापला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातल्या थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली होती. चित्र मूळ जेम्स वेल्स या चित्रकाराचे. पेशव्यांच्या पुण्यात काम केलेला हा चित्रकार सवाई माधवरावांच्या दरबाराच्या चित्रासाठी आपल्याला ठाऊक असतो.

इंग्रजी स्पेलिंगवरून या माणसाचे नाव मराठीत सर्रास 'कावसजी' असे लिहिले जाते, आणि वाचणाऱ्याला तो पारशी वाटतो. पत्रात मात्र तो मराठा आणि शेतकरी जातीचा असल्याचे स्वच्छ म्हटले आहे. माझा तर्क असा की हे नाव 'कावजी' असावे. शिवकाळापासून आपल्याकडे हे नाव आहे. इंग्रज कानाला मुंबईतले कावसजी ओळखीचे, त्यामुळे एक अक्षर वाढले असावे. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. पुढे मी त्याला कावजीच म्हणणार आहे.

कृती पत्रात नीट दिली आहे. मेणाची पातळ चकती नाकाच्या जागेवर बसवून आकार घेतला. ती सपाट करून कपाळावर ठेवली आणि तिच्या कडेने रेघ आखली. रेघेवरून कापून त्वचा सोडवली, पण दोन डोळ्यांच्या मधोमध एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवली. त्या पट्टीवर त्वचा उलटी फिरवून खाली आणली आणि नाकाच्या कडेला चर पाडून त्यात बसवली. सांध्यावर पाण्यात भिजवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून एकावर एक चिकटवला. चार दिवसांनी तो काढून तुपात भिजवलेल्या पट्ट्या ठेवल्या. दहाव्या दिवसाच्या सुमारास नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घातले. पंचविसाव्या दिवसाच्या आसपास डोळ्यांमधली पट्टी कापली.

सुश्रुताने गालाची त्वचा सांगितली आहे, पुण्यातल्या माणसाने कपाळाची घेतली. म्हणजे तो पोथीतले वाक्य गिरवत नव्हता. त्याची विद्या हातातून हातात आलेली होती आणि वाटेत सुधारलेली होती. पत्रात रुग्णाचे नाव आहे, साक्षीदार डॉक्टरांची नावे आहेत. शस्त्रक्रिया करणाऱ्याची फक्त जात आहे. ही हकिकत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यूने वीस वर्षे विचार केला, मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली. १८१६ मध्ये त्याचे पुस्तक आले आणि युरोपभर ही पद्धत पसरली.

आता तो फरक. आमच्या वसईच्या वाड्यांत कलमे बांधणारे लोक आहेत, त्यांना हा चटकन कळेल. भेट कलमात काडी मूळ झाडापासून तोडत नाहीत. खुंट तिच्याजवळ आणून दोघांना बांधतात. सांधा जुळेपर्यंत काडीला मूळ झाडाचा रस मिळत राहतो. जुळल्यावर मग ती कापतात. पाचर कलमात काडी आधीच तोडून आणलेली असते. खुंटाचा रस मिळेपर्यंत तिला स्वतःच्या ओलाव्यावर तगावे लागते. कावजीचे नाक हे भेट कलम. डोळ्यांमधल्या पट्टीतून पंचवीस दिवस रक्त येत राहिले. माझ्या जबड्यातला लगदा हे पाचर कलम. त्याचा रक्ताशी असलेला संबंध ड्रिलने तोडलेला. सुश्रुताच्या आणि पुण्याच्या विद्येपासून हाडाच्या कलमापर्यंत जायला हा एक मोठा खड्डा ओलांडावा लागत होता, आणि तो ओलांडायला युरोपातही एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

तिथली सुरुवातही दंतकथेसारखी आहे. योब व्हान मेकरेन या डच शस्त्रवैद्याच्या १६६८ साली छापलेल्या पुस्तकात एक गोष्ट येते. तलवारीने कवटी फुटलेल्या एका रशियन उमरावाला कुत्र्याच्या कवटीचे हाड बसवले आणि जखम भरली. पण चर्चने त्याला बहिष्कृत केले, तेव्हा त्याने ते हाड काढून टाकायची विनंती केली. मेकरेनने हे स्वतः पाहिलेले नव्हते, त्याला पत्रातून कळले होते. म्हणून गोष्ट खरी मानण्यापूर्वी थांबावे. तिच्यातला प्रश्न मात्र आजही जिवंत आहे: माझ्या अंगात हाड कोणाचे?

रुग्णाचेच हाड त्याला परत देण्याची पहिली नोंद म्हणून जर्मनीच्या फिलिप फॉन वॉल्थरचे नाव घेतात. १८२० च्या सुमारास त्याने कवटीला भोक पाडताना काढलेला तुकडा पुन्हा तिथेच बसवला. फ्रान्सच्या ऑलियेने हाडावरच्या पातळ आवरणाचे महत्त्व ओळखले. ग्लासगोत विल्यम मॅकएवेनने १८८० साली एका लहान मुलाच्या दंडाचे गेलेले हाड तुकड्या-तुकड्यांनी भरून काढले, पण ते तुकडे दुसऱ्या मुलांच्या पायांवरील शस्त्रक्रियांत निघालेले होते. अमेरिकेत फ्रेड आल्बीने नडगीचे हाड मोटरवर चालणाऱ्या करवतीने काढून त्याच रुग्णाच्या कण्याला लावले आणि १९१५ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच सुमारास पहिले महायुद्ध पेटले होते. खंदकातल्या सैनिकांचे जबडे गोळ्यांनी उडत होते, आणि कमरेच्या हाडाचे तुकडे जबड्यात बसवणे ही शस्त्रवैद्यांची आणि दंतवैद्यांची सामायिक विद्या झाली.

लावलेले हाड आत जाऊन काय करते, याचा उलगडाही याच काळात झाला. बार्थ या जर्मन संशोधकाने १८९० च्या दशकात दाखवले की असे हाड बहुतांशी मरते. शरीर ते हळूहळू पोखरते आणि पोखरलेल्या जागी नवे हाड भरत जाते. म्हणजे आपण लावतो ते हाड राहत नाही. ते नव्या हाडाला वाट करून देते. १९६५ साली मार्शल युरिस्ट यांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली. हाडातला चुना काढून टाकला तरी उरलेल्या भागात असे काही असते, जे आसपासच्या पेशींना हाड बनवायला लावते. स्वतःच्या हाडात तीन गोष्टी एकत्र मिळतात: थोड्या जिवंत पेशी, हा निरोप आणि चढायला सांगाडा. शिवाय शरीर त्याला परके मानत नाही.

त्याच १९६५ सालात स्वीडनच्या गोटेनबर्ग शहरात पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी योस्टा लार्सन नावाच्या रुग्णाच्या जबड्यात टायटेनियमचे खुंट बसवले. सशाच्या पायात बसवलेली टायटेनियमची नळी हाडात इतकी घट्ट रुतली की निघेना, हे त्यांना १९५० च्या दशकात योगायोगाने दिसले होते. लार्सन यांचे खुंट ते २००६ साली वारले तोवर, चाळीस वर्षांहून अधिक, टिकले. १९८२ च्या टोरोंटो परिषदेनंतर ही पद्धत जगभर पोचली. आणि लगेच आईचा प्रश्न उभा राहिला: ज्यांच्या जबड्यात खुंट धरायला हाडच उरलेले नाही, त्यांचे काय?

पहिले उत्तर कमरेचे होते. १९८० साली बॉइन आणि जेम्स यांनी कमरेचे हाड व मगज घेऊन वरच्या जबड्यावरची पोकळी भरल्याचे प्रसिद्ध केले. पण एका दातासाठी कंबर कापून घ्यायला कोण तयार होणार? मग डॉक्टर तोंडातच शोधू लागले. हनुवटीतून हाड घेता येते, पण पुढचे दात बधिर होण्याचा धोका असतो. अक्कलदाढेच्या मागून घेता येते. पात्याने हाडाचा पृष्ठभाग खरवडून कीस काढता येतो. आणि खुंटासाठी भोक पाडताना निघणारा भुसा तर आयताच मिळतो. वर्षानुवर्षे तो पाण्याबरोबर नळीतून वाहून जात असे.

तो वाचवण्यात दोन अडचणी होत्या. नळीला गाळणी लावून भुसा पकडला, तर त्याबरोबर लाळेतले जंतूही येतात. म्हणून हाडासाठी वेगळी नळी आणि लाळेसाठी वेगळी, असा नियम झाला. दुसरी अडचण उष्णतेची. गोटेनबर्गमध्येच १९८३ साली सशांवरच्या प्रयोगात दिसले की हाड एक मिनिटभर ४७ अंश सेल्सियसला तापले तरी इजा होते. म्हणून वेगाने फिरणाऱ्या ड्रिलवर सतत पाणी सोडतात, आणि पाण्याबरोबर हाड जाते. स्पेनच्या विटोरियातले एदुआर्दो अनितुआ यांनी २००७ मध्ये उलटा मार्ग मांडला: ड्रिल इतके हळू फिरवा की ते तापणारच नाही, मग पाण्याची गरज नाही आणि सगळे हाड खाचांतच राहील. पापडीतली माझी डॉक्टर तेच करत होती.

मी तिला नंतर विचारले, बाजारात तयार हाड मिळते ना? मिळते, ती म्हणाली. बहुतेक गायीच्या हाडापासून केलेले, काही डुकराच्या. ते सावकाश विरघळते म्हणून आकार टिकवते. स्वतःचे हाड लवकर कामाला लागते, पण लवकर झिजते. त्यामुळे पुष्कळदा दोन्ही मिसळतात. पण इथे सगळ्या धर्मांचे लोक येतात, सांगितल्याशिवाय मी काही घालत नाही. मला मेकरेनचा रशियन उमराव आठवला. तिसरा मार्ग दात्याच्या हाडाचा. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतिपेढी आहे. तिथे दान आलेले हाड स्वच्छ करून किरणांनी निर्जंतुक करतात. आणि तंबाखूने जबडाच गेलेल्या रुग्णांसाठी त्यांच्याच पायातले बारीक हाड रक्तवाहिनीसकट काढून जबड्यात बसवतात. ती रक्तवाहिनी मानेतल्या रक्तवाहिनीला जोडली की हाड जिवंत राहते. कावजीच्या डोळ्यांमधल्या पट्टीचे काम इथे टाके करतात.

म्हणून 'सुश्रुताला हाडाचे कलम ठाऊक होते' हे माझे विधान मी इथे, छापून, मागे घेतो. ज्यांनी अध्याय विचारला ते डॉक्टर आता हयात नाहीत. त्यांना उत्तर द्यायला मी पंधरा वर्षे लावली. जे आपले नाही ते आपले म्हटले की जे खरोखर आपले आहे त्याकडे पाहायचे राहून जाते. त्या दिवशी मी व्यासपीठावरून सुश्रुताचे नाव पाच-सहा वेळा घेतले असेल. पुण्याच्या त्या वीटकाम करणाऱ्या माणसाला एका वाक्यात गुंडाळले. त्याने कोणतेही संस्कृत वाक्य उद्धृत केले नाही, ग्रंथ लिहिला नाही. मेण, कात, तूप आणि वस्तरा एवढ्यावर त्याने रुग्णाच्याच अंगातून रुग्णाची भरपाई केली, आणि पंचवीस दिवस वाट पाहायची असते हे त्याला माहीत होते.

मलाही चार महिने थांबावे लागले. मग क्ष-किरण चित्रात पातळ भिंतीच्या जागी पांढरी रेघ दिसली. डॉक्टरने बोट ठेवून दाखवली, म्हणाली, "हे नवं आहे, काका." दात बसला त्या आठवड्यात पापडीच्या बाजारातून मी सुकेळी आणली. आईला ती फार आवडत. चिवट असतात म्हणून शेवटची वीस वर्षे तिने खाल्ल्या नव्हत्या. मी डाव्या बाजूने सावकाश चावून एक संपवली.